विचारलं तर सांगायचं

प्रश्न : मी जालन्यात शिवणकाम करते. गिऱ्हाईक बायका विचारतात, 'रविवारी चर्चमध्ये काय करता?' मी गप्पच होते. साक्ष कशी द्यावी, म्हणजे आपला विश्वास त्यांना कसा सांगावा?

उत्तर : बाई, त्यांनी विचारलंय ना? मग अर्धं काम झालं. बायबलमधलं पेत्राचं पहिलं पत्र, अध्याय ३, वचन १५ काढा : आपल्या आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायचं, पण सौम्यतेनं. ही अट मीच विसरले होते. टँकरच्या रांगेत शेजारणीला उपदेश सुरू केला, तिचा नंबर गेला, वर्षभर अबोला! पुढं तिची सून बाळंत झाली, तेव्हा मुकाट्यानं डबा घेऊन गेले. शेजारणीनंच विचारलं, "आमच्यासाठी प्रार्थना कराल का हो?"

तुम्ही साधंच सांगा : गाणी म्हणतो, बायबलचं वचन ऐकतो, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो. अन् ब्लाउज कबूल केलेल्या दिवशी द्या.