पोर्टल दिवसातून किती वेळा उघडायचं?

दिव्यांग पेन्शनचा नाहीतर यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्ज भरून बसलेली घरं मला हटकून विचारतात, "काहीच कळत नाही हो, आमचंच काही चुकलं का?" इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या एका ताईंनीही तेच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) यजमान पन्नाशीचे, राजवाड्याजवळ कापडाच्या दुकानात हिशेब लिहायचे. अर्धांगवायूत उजवी बाजू गेली.

"सकाळी चहाच्या आधी मोबाइल मागतात. पोर्टलवर डाव्या अंगठ्यानं अर्जाचा नंबर टाकतात, चुकतो, परत टाकतात. तेच 'पेंडिंग'. मग दिवसभर बोलत नाहीत. काल म्हणाले, सहाशे रुपयांसाठी भीक मागायला लावलीस."

मध्य प्रदेशात महिन्याची पेन्शन खरंच 600 रुपये आहे. एवढ्यासाठी इतकं काय मनाला लावून घ्यायचं, असं नातेवाईक म्हणतात. पण ज्यानं आयुष्यभर दुसऱ्याचा पैन् पै चोख ठेवला, त्याला आपला कागद कोणाच्या टेबलावर आहे हेही कळेना, हे दुखणं सहाशेचं नव्हे. नकार आला तर माणूस चिडतो, रडतो, मोकळा होतो. उत्तरच आलं नाही की रोज स्वतःच निकाल लावत बसतो, आणि तो बहुधा स्वतःच्याच विरुद्ध लागतो.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं हा तुमचा हक्क आहे वगैरे व्याख्यान मी दिलं नाही. ते त्यांना पाठ होतं. म्हटलं, वही घाला. तारीख, पावती क्रमांक, कोण काय म्हणालं, सगळं डाव्या हातानं. आणि पोर्टल फक्त मंगळवारी उघडायचं, कारण कलेक्टर कचेरीतली जनसुनवाई, म्हणजे लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकायची बैठक, मंगळवारीच असते. अडलं तर त्याच दिवशी जाता येतं. "आणि बुधवारी काही आलं तर?" मेसेज मुलगा बघेल, म्हटलं.

वही लिहिताना यजमानांच्याच नजरेला आलं: आधारवर मधे वडिलांचं नाव, समग्र आयडीवर (मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-नोंदणी क्रमांकावर) नाही. आपल्या मराठी घरांत इकडे हा घोळ फार. दुरुस्ती करून ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख-पडताळणी, केली. 181 या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रारही नोंदवली. ती बंद करा असं कोणी सांगितलं तरी काम झाल्याशिवाय हो म्हणू नका, एवढं मी बजावलं. पेन्शन नाहीच असं धरून महिन्याचा खर्च ताईंनी बसवला.

झोप, जेवण तुटलं किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलणं सुरू झालं, तर मात्र वहीनं भागत नाही. अर्धांगवायूनंतर नैराश्य बऱ्याच जणांना येतं, त्यावर औषध आहे. डॉक्टरांकडे जा, टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे.

मागच्या खेपेला यजमान स्वतः आले. कार्ड मिळालंय, पेन्शन अजून लटकलेलीच. शेजारच्या मुलाच्या अर्जाच्या नोंदी वहीत मागच्या पानापासून सुरू केल्यात.