कॉलेजच्या ई-सेलमध्ये जाऊन खरंच काही उपयोग होतो का?

अमळनेरहून विचारलंय, एसवाय बीकॉम, कॉलेजात नवीन ई-सेल (मुलांचं उद्योजकता मंडळ) निघालाय, ६०० रुपये फी, सिनियर म्हणतात लीडरशिप येते आणि प्लेसमेंटला कामाला येतं, घरचे म्हणतात हा टाइमपास आहे, त्यापेक्षा टॅली-जीएसटीचा कोर्स कर. तू म्हटलं तर चालेल ना, माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान असशील.

जॉइन कर. पण घरचे म्हणतात ते "टाइमपास" वाक्य वाचलं आणि राहवलं नाही म्हणून सगळं लिहितेय.

मी सावद्याची, घरी केळी. बीकॉमला जळगावला रूम करून राहायचो आम्ही चौघी. तेव्हा ई-सेल वगैरे शब्द आमच्यापर्यंत आलेला नव्हता, वाणिज्य मंडळ होतं आणि त्याचा वर्षातून एकदा मेळावा, मुलांनीच स्टॉल लावायचे, मुलांनीच स्पॉन्सर आणायचे. सरांनी एरिया वाटून दिले. ज्यांच्याकडे गाड्या होत्या त्या मुलांना एमआयडीसी, मला आणि माझ्या रूममेटला दाणा बाजार, कारण तिथं रिक्षाने जाता येतं आणि मुली अंधार पडायच्या आत परत येतात. पहिल्या दिवशी अकरा दुकानं फिरलो. ५०१ रुपये आणि दोन ठिकाणी चहा. शेठ समोर गादीवर बसलेले आणि माणूस सांगतो शेठ बाहेरगावी गेलेत, हे पण झालं.

बारावं दुकान डाळीच्या व्यापाऱ्याचं. समोर कागदाच्या पुड्यांत नमुने मांडलेले, फोनवर भाव चाललेला, बोलता बोलता एका पुडीतली तूरडाळ तळहातावर घ्यायचे, अंगठ्याने चोळायचे, फुंकर मारून परत पुडीत. फोन ठेवून पहिला प्रश्न, "पावती पुस्तक हाये का?" होतं. मग म्हणाले, "बेटा, मी पाच हजार दिले तं मले काय भेटीन?" मी पाठ केलेलं सांगितलं, बॅनरवर नाव, स्टेजवरून उल्लेख. ते म्हणाले, "बॅनर वाचून कोनी डाळ घेते का?" आणि परत फोन लावला.

परत येताना रूममेट रडकुंडीला आलेली, मला मात्र राग आला होता, कारण माणूस बरोबर बोलत होता. रात्री मेसमध्ये ताटात वरण पडलं तेव्हा डोक्यात आलं, की या काकू डाळ आणतात कुठून? दुसऱ्या दिवसापासून दोन संध्याकाळी वही घेऊन कॉलेजच्या आजूबाजूच्या सगळ्या मेस फिरलो, १४ निघाल्या. मेंबर किती, तूरडाळ दिवसाला किती शिजते, कट्टा घेता की सुटी, उधारी किती दिवसांची. काही काकूंनी आधी हाकललं, त्यांना वाटलं कोणीतरी मुलगी स्वतःची मेस टाकतेय. बेरीज केली तर महिन्याला नऊ क्विंटलच्या आसपास डाळ, आणि बहुतेक जणी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून किरकोळ भावाने घेत होत्या.

तो कागद घेऊन परत गेले. शेठने चष्मा लावून पूर्ण वाचला, बोट फिरवत, आणि विचारलं, "फटका घेतात का पॉलिशची?" डाळीचा हा प्रकार मी विचारलाच नव्हता. परत सगळीकडे फिरले, विचारून आले. मग त्यांनी ३००० ची पावती फाडायला लावली आणि माझा कागद घडी करून खिशात ठेवला. पुढच्या महिन्यात आमच्या मेसच्या दारात त्यांच्या दुकानाचे दोन कट्टे उतरलेले मी स्वतः बघितले.

शनिवारी घरी गेले, खूप खुशीत सांगितलं. दादा तेव्हा पुण्यात स्पर्धा परीक्षा करत होता, सुट्टीला आलेला. जेवता जेवता म्हणाला, "दुकानोदुकान पैसे मागत फिरते? भीक मागायला घातलं का तुला कॉलेजात?" आई गप्प, पप्पा गप्प. मी पण गप्प बसले, आणि त्याचं मला आजपर्यंत वाईट वाटतं.

तर दादाला तेव्हा द्यायचं राहिलेलं उत्तर तुझ्या घरच्यांना देते. पैसे मागणं वेगळं आणि समोरच्याला त्याच्या पैशाचं काय मिळणार ते शोधून काढणं वेगळं. दुसरी गोष्ट क्लासमध्ये शिकवत नाहीत. टीवायला एक मसाल्याची कंपनी मुलाखतीला आली, फायली घेऊन सगळे बसलेले, सर्टिफिकेटं लॅमिनेट केलेली. माझी फाइल उघडलीच नाही. विचारलं, कधी काही विकलंय का, मी मेसचा कागद सांगितला, पुढची वीस मिनिटं साहेब उधारीवरच विचारत होते. आमच्या वर्गातून दोघींना घेतलं. आज मी एका डाळ मिलची हॉटेल आणि होस्टेलची विक्री बघते.

म्हणून सर्टिफिकेटसाठी जाऊ नको, त्याला काही किंमत नाही. आमच्यात अध्यक्ष झाला तो मुलगा, ज्याने एकही स्पॉन्सर आणला नव्हता, आणि माझ्या सर्टिफिकेटवर नुसतं "सदस्य". कारण काय तर मुलींना उशिरापर्यंत थांबता येत नाही. तू मुलगी असशील तर हे आधीच विचारून घे, तोंडावर विचार. आणि पद घ्यायचंच तर खजिनदार घे नाहीतर स्पॉन्सरशिप. दुसऱ्याचा पैसा हातात आला, हिशोब पावतीशी जुळवावा लागला, की माणूस शिकतो. पोस्टर आणि इन्स्टाग्राम सांभाळणाऱ्यांना वर्षभर काम पुरतं पण हातात काही येत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे, कोणाला राग आला तर येऊ दे.

नवीन सेल आहे ना, तर सरांना विचार वर्षभरात काय करणार. नुसते पाहुणे, बुके आणि फोटो असतील तर ६०० रुपये वाचव. आयआयटी मुंबईचा ई-सेल १९९८ पासून आहे, ते देशभरातल्या कॉलेजांच्या ई-सेलसाठी एनईसी (नॅशनल आंत्रप्रेन्योरशिप चॅलेंज) नावाची स्पर्धा घेतात, त्यात उतरणार असतील तर मुलांना काम करावंच लागतं. आणि अमळनेरला बसून आपल्याकडे काय आहे असं कोणी म्हणत असेल तर त्याला सांग, १९४५ ला तुमच्याच गावात वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली.

प्लेसमेंटचं विचारलंयस, तर खरं सांगायचं म्हणजे आपल्या भागात कंपन्या कमीच येतात, नोकऱ्या ओळखीने लागतात, आणि ओळख बाजारात फिरल्याशिवाय होत नाही.

हां, सीए फाउंडेशन तोंडावर असेल तर या वर्षी नको. घरी पैशाची ओढाताण असेल तर फी माफ करा म्हणून सरळ सांग, लाजू नको. आणि टॅली चुकीचं नाही, मी पण केलं, टीवायच्या उन्हाळ्यात. तेव्हा व्हॅट होता, २०१७ ला जीएसटी आला आणि तेवढं सगळं नव्याने शिकले. अनोळखी दुकानात शिरून बोलायचं कसं ते मात्र परत शिकावं लागलं नाही.

दादाचं आता सावद्यातच कृषी केंद्र आहे. उधारी अडकली की मला फोन करतो, मी सांगते काय करायचं ते. तो शब्द अजून त्याने मागे घेतलेला नाही. त्याची मुलगी यंदा अकरावी कॉमर्सला गेली, कॉलेजच्या मेळाव्याला स्टॉल लावायचा म्हणत होती, त्याच्यासमोरच मी तिला पावती पुस्तक छापून दिलं.