बालेकिल्ला हा शब्द कुठून आला? निवडणुकीतही 'अमक्याचा बालेकिल्ला' का म्हणतात?

शब्द बाहेरून आलाय, फारसी-अरबी. बाला म्हणजे वरचा, आणि किल्ला अरबीतला. गडाचा सगळ्यात उंच भाग, ज्याला स्वतःचा वेगळा तट-दरवाजा असतो आणि खालची माची, म्हणजे बालेकिल्ल्याखालची तटबंदी केलेली सपाटी, पडली तरी जिथून लढता येतं. बळाचा किल्ला, बाळकिल्ला वगैरे सगळ्या थापा.

एवढं ठणकावून लिहितोय कारण यावरून माझं राजगडावर भांडण झालंय. रविवार, बालेकिल्ल्याच्या चढाला ही गर्दी, चढणारे-उतरणारे एकाच रेलिंगला लटकलेले, माझा एक पाय कातळातल्या खोबणीत आणि दुसरा कुठे ठेवायचा ते शोधतोय, तेवढ्यात आमच्या ट्रेक लीडरने माहिती सुरू केली, की बळ देतो तो बालेकिल्ला. मी म्हटलं, दादा, फारसी आहे तो शब्द. तर म्हणे, महाराजांच्या गडावर मोगलांचे शब्द कशाला? म्हटलं मग किल्ला, बुरूज, दरवाजा हे तिन्ही पण खाली पार्किंगमध्येच ठेवून यायचे होते. मागचे दोघं फिस्सकन हसले आणि साहेब जास्तच पेटले. म्हणे महाराजांनी राज्यव्यवहारकोश, म्हणजे फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा कोश, कशाला करून घेतला मग? अहो, घेतला ना, रघुनाथ पंडितांकडून, पण फारसी शब्द कारभारात इतके मुरले होते म्हणूनच तर कोश करायची वेळ आली! रात्री घरी पोचेपर्यंत मला व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढलेलं होतं.

तिथे लटकून सांगता आलं नाही ते इथे सांगतो. काबूल आणि पेशावर दोन्हीकडे 'बाला हिसार' आहे, अलवरला 'बाला किला' आहे, आपल्याकडे बालाघाट आहे. सगळीकडे बाला म्हणजे वरचा. आता या सगळ्यांना बळ कोण देतंय?

निवडणुकीचं म्हणाल तर, 1665 ला मोगल सरदार दिलेरखानाने पुरंदरची माची घेतली तरी बालेकिल्ला लढत राहिला, तसंच बाकी सगळीकडे हरले तरी जी जागा पडत नाही तो त्यांचा बालेकिल्ला. बाकी पत्रकारांना विचारा, ते दोनदा निवडून आलेल्या कुणालाही बालेकिल्ला देऊन टाकतात.

हां, एक राहिलं, काही भुईकोटांत आतल्या कोटालाही बालेकिल्ला म्हणतात, तिथे उंची शोधत बसू नका. आणि लीडर मंडळी, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश ऑनलाइन फुकट आहे, माहिती द्यायच्या आधी उघडत जा, आणि द्यायचीच तर रेलिंग सोडून पुढे गेल्यावर द्या, मागे लोक खोळंबतात.