विमान चुकले, तरी तिकिटातले काही पैसे तुमचेच

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही चौघे मुंबईहून नागपूरला जाणार होतो. सांगलीहून येणारी गाडी तीन तास उशिरा पोचली आणि विमान निघून गेले. तिकिटे एजंटाकडून काढली होती. तो म्हणतो, 'नो-शो झाला, म्हणजे तिकीट असून तुम्ही विमानाला आलाच नाहीत, आता एक पैसाही मिळणार नाही.' हे खरे आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : खरे नाही. मूळ भाडे आणि इंधन अधिभार हे विमान कंपनीचे पैसे. नियमाप्रमाणे रद्द करण्याचे शुल्क म्हणून ती जास्तीत जास्त एवढेच कापू शकते. बाकीचे पैसे कंपनीचे नाहीतच. सुरक्षा शुल्क आणि विमानतळाचे यूडीएफ, म्हणजे वापरकर्ता विकास शुल्क, कंपनी दुसऱ्यासाठी गोळा करते आणि प्रवाशाने विमानतळ वापरला तरच ते देय होते. तुम्ही चढलाच नाहीत, तर ते परत मिळायला हवे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम तसेच सांगतो आणि नो-शोचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. 'नॉन-रिफंडेबल' सवलतीच्या तिकिटालाही तो लागू आहे, कारण परत न मिळणारे असते ते फक्त मूळ भाडे.

आता हिशेब करू. देशांतर्गत सुरक्षा शुल्क माणशी २०० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून २३६. मुंबईहून निघताना यूडीएफ १७५ रुपये, जीएसटीसह २०६ रुपये ५० पैसे, तिकिटावर बहुधा २०७. माणशी ४४३ झाले, चौघांचे १,७७२. तुमच्या तिकिटावर याच नोंदी असतील, तर निदान एवढी रक्कम मागाच. मूळ भाड्यावरच्या ५ टक्के जीएसटीची मात्र आशा धरू नका. जप्त झालेल्या भाड्यावरही तो कर लागतो असे २०२२ मध्ये परिपत्रकाने स्पष्ट झाले आहे, त्यामुळे कंपन्या तो सहसा परत करत नाहीत. बुकिंगच्या वेळी घेतलेली कन्व्हीनियन्स फीही गेली असे समजा.

मागायचे कसे? एजंटाच्या तिकिटावर बहुतेक वेळा 'टॅक्सेस अँड फीज' असा एकच गोळाबेरीज आकडा असतो आणि तिथेच लोक हात टेकतात. विमान कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर आणि आडनाव टाकून या आकड्याची नोंदवार फोड काढा, नाहीतर जीएसटी इन्व्हॉइस मागवा. मग कंपनीला ईमेल करा : पीएनआर, चौघांची नावे, प्रवासाची तारीख, कोणत्या नोंदीचे किती रुपये, आणि 'सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स, सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट २' हा नियमाचा उल्लेख. कंपनी यासाठी वेगळे प्रक्रिया शुल्क लावू शकत नाही.

अडकते ते पुढे. एजंटाने तिकीट काढले असेल, तर परतावा त्याच्याच खात्यात जमा होतो आणि तिथेच पडून राहतो. म्हणून कंपनीकडून परताव्याची तारीख आणि रक्कम लेखी घ्या आणि ती एजंटाला दाखवा. एजंट हा कंपनीचाच प्रतिनिधी, त्यामुळे पैसे पोचवण्याची जबाबदारी कंपनीवर राहते. 'क्रेडिट शेलमध्ये ठेवतो', म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा ठेवतो, असे कोणी म्हटले, तर ते तुमच्या मर्जीवर आहे. रोख हवी असेल तर स्पष्ट नाही म्हणा. उत्तर आले नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवा.

प्रश्न : पनवेलहून नवी मुंबई विमानतळ जवळ पडतो, पण तिकिटात यूडीएफ खूप दिसते. मुंबईहून स्वस्त पडेल का?
– एक वाचक, पनवेल

उत्तर : फक्त शुल्क पाहिले तर हो, आणि फरक थोडाथोडका नाही. नवी मुंबई सुरू होताना एरा या विमानतळ शुल्कांच्या नियामकाने मंजूर केलेला हंगामी देशांतर्गत दर निघताना ६२० आणि उतरताना २७० रुपये होता. मुंबईचा १६ मे २०२५ पासूनचा इकॉनॉमीचा दर १७५ आणि ७५. १८ टक्के जीएसटी धरून जाऊन-येऊन नवी मुंबईचे १,०५० रुपये २० पैसे होतात, मुंबईचे २९५. म्हणजे माणशी ७५५ रुपयांचा फरक, चौघांच्या कुटुंबाला तीन हजारांवर.

एवढा फरक का, हे समजून घ्यायला हवे. विमानतळाला लागणारा महसूल ठरवताना गुंतवणुकीवरचा परतावा, घसारा, चालू खर्च आणि कर धरतात. दुकाने, पार्किंग, जाहिराती यांच्या उत्पन्नातला ३० टक्के भाग त्यातून वजा होतो. उरलेले विमानांच्या लँडिंग-पार्किंगमधून आणि प्रवाशांच्या यूडीएफमधून वसूल होते. नव्या विमानतळाचा खर्च ताजा आणि सुरुवातीचे प्रवासी कमी, म्हणून डोईवरचा भार जास्त. हंगामी दर कायम राहत नाही, तेव्हा बुकिंग करताना फोडीतला आकडा पाहा. दर बदलला तर सहसा तिकीट काढल्याची तारीख धरतात, प्रवासाची नाही. आणखी एक : उतरतानाचे शुल्कही तिकिटातच घेतलेले असते, विमानतळावर कोणी पावती फाडत नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला यूडीएफ नसते, ते लागलेले दिसले तर विचारा.

पनवेलहून सांताक्रूझपर्यंतची टॅक्सी, टोल आणि वेळ यांच्याशी ७५५ रुपये ताडून पाहा. एकटा माणूस असेल तर नवी मुंबईच बरी. चौघे एकाच गाडीतून जाणार असाल, तर मुंबईचे भाडेही तपासा.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलीची सीट आमच्यापासून लांब आली. शेजारची सीट हवी तर पैसे भरा, असे संकेतस्थळ सांगते.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : भरू नका. एप्रिल २०२४ मध्ये महासंचालनालयाने कंपन्यांना बजावले आहे की, एकाच पीएनआरवर असलेल्या १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला निदान एका पालकाशेजारी जागा द्यायची. गोची होते ती आई-मुलाचे तिकीट एका पीएनआरवर आणि वडिलांचे दुसऱ्यावर काढले की, म्हणून सगळ्यांचे एकत्र काढा. वेब चेक-इनमध्ये सगळ्या सीटांवर किमती दिसल्या तरी खाली कुठेतरी 'स्किप' असते. तरीही ताटातूट झाली, तर काउंटरवर लवकर जाऊन मुलीचे वय दाखवून सांगा.

बुकिंगमध्ये विमा किंवा देणगीची खूण आधीच केलेली असेल, तर तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. न विचारता टोपलीत काही घुसडणे हे ३० नोव्हेंबर २०२३ च्या 'डार्क पॅटर्न' (ग्राहकाला चकवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्या) मार्गदर्शक सूचनांनुसार निषिद्ध आहे. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते.

प्रश्न : काउंटरवर बोर्डिंग पाससाठी पैसे मागितले.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : देऊ नका. जुलै २०२२ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने हे शुल्क घेऊ नये असे सांगितले आहे. भरले असतील तर पावतीसह परत मागा.

प्रश्न : लंडनहून मुंबईच्या तिकिटात कर इतके जास्त का? आमचा मुलगा १४ वर्षांचा आहे.
– एक वाचक, लंडन

उत्तर : ब्रिटनचा एअर पॅसेंजर ड्यूटी हा कर तिथून निघणाऱ्या प्रवाशाला लागतो. भारतासाठी इकॉनॉमीत तो माणशी ९० पौंड होता, १ एप्रिल २०२६ पासून १०२ पौंड. मुंबईहून काढलेल्या परतीच्या तिकिटातही तो असतोच. मात्र इकॉनॉमीत १६ वर्षांखालच्यांना तो माफ आहे. बारा वर्षांवरील मुलाचे तिकीट भाड्यापुरते प्रौढाचे धरले जाते आणि जन्मतारीख नीट भरली नसेल, तर हा करही त्याला लागून जातो. मुलाच्या तिकिटाची फोड काढा आणि तो लागलेला दिसला, तर प्रवासाआधीच कंपनीला जन्मतारीख कळवून परत मागा.