एअरलॉकचे बुडबुडे थांबले म्हणजे बिअर तयार झाली का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मेलबर्नला गॅरेजमध्ये किटची पहिली बिअर लावली आहे, २३ लिटर. हायड्रोमीटरचं (द्रवाची घनता मोजणारी तरंगती नळी; साखर संपत जाते तसा आकडा उतरतो) सुरुवातीचं रीडिंग १.०३८ होतं. पहिले दोन-तीन दिवस एअरलॉक (झाकणावरची, आतला वायू पाण्यातून बाहेर सोडणारी नळी) जोरात वाजत होता, मग कूल चेंज (अचानक येणारी गार हवा) आला आणि चौथ्या दिवशी सगळं शांत झालं. आज सहाव्या दिवशी रीडिंग १.०१४ आहे. वर कडेला तपकिरी थर चिकटलाय, अंड्यासारखा वास येतोय. किटच्या कागदावरचे दिवस संपत आले, तर बाटल्या भरायच्या की सगळं ओतून द्यायचं?

दोन्ही नको. ओतून देण्यासारखं काहीही झालेलं नाही. आणि आज बाटल्या भरल्यात तर त्या फुटू शकतात, ते का ते खाली सांगतो.

आधी वास आणि तो तपकिरी थर. यीस्ट (साखरेचं अल्कोहोल आणि वायू करणारे सूक्ष्मजीव) जोरात काम करत असताना वर फेसाचा जाड थर येतो. त्यात हॉप्सचे (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) कडू अंश, प्रथिनं आणि यीस्ट वर ढकललं जातं, आणि फेस बसला की ते सगळं भांड्याच्या कडेला वाळून राहतं. अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. यीस्टच तो तयार करतं, लागर यीस्ट (गारव्यात काम करणारं) तर भरपूर करतं, आणि कार्बन डायऑक्साइडबरोबर तो हळूहळू निघून जातो. बिघडलेल्या बिअरची लक्षणं वेगळी असतात: पृष्ठभागावर सुरकुत्यांची पांढरी साय, रंगीत केसाळ बुरशी, व्हिनेगरसारखा नाकात जाणारा वास. यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही.

आता बुडबुडे. माझी नव्या माणसाला कळकळीची विनंती असते की एअरलॉकवर भरवसा ठेवू नका. झाकण जरा सैल बसलं तरी वायू तिथूनच निघतो आणि एअरलॉक पहिल्या दिवसापासून मुका राहतो. उलट, आंबण्याचं काम संपल्यावरही उकाडा वाढला तर बिअरमध्ये विरघळलेला वायू बाहेर पडतो आणि बुडबुडे पुन्हा सुरू होतात. तुमच्याकडे याच्या उलटं झालं. मेलबर्नची दक्षिणेकडची हवा आली की काही तासांत तापमान १५ अंशांनी उतरू शकतं. गॅरेज गार पडलं, भांड्यातला वायू आकसला, म्हणून बुडबुडे थांबले. आणि मुख्य म्हणजे गारठ्याने यीस्टचं काम मंदावलं आणि ते तळाशी बसू लागलं. काम अर्धवट राहिलंय, एवढाच त्या शांततेचा अर्थ.

हे रीडिंगवरून कळतं. किटमध्ये बहुधा येतो तसा १.७ किलोचा माल्ट एक्स्ट्रॅक्टचा (मोड आणलेल्या बार्लीचा घट्ट पाक) डबा आणि वर एक किलो डेक्स्ट्रोज (ग्लुकोज साखर), असं मिश्रण साधारण १.००८ च्या आसपास येऊन थांबतं. नुसती माल्ट पावडर वापरली असेल तर थोडं वर. १.०१४ वरून १.००८ पर्यंत जाताना यीस्ट दर लिटरमागे अजून साधारण १२ ते १३ ग्रॅम साखर खाणार आहे. बाटलीत फेस यावा म्हणून आपण जी साखर घालतो ती लिटरला साधारण ८ ग्रॅम. म्हणजे आज बाटल्या भरल्या तर प्रत्येक बाटलीत हवी त्याच्या अडीच पट साखर जाईल. एवढा दाब काच सहन करेलच असं नाही. फुटणाऱ्या बाटलीची काच खोलीभर उडते, आणि घरात लहान मुलं असतील तर हा विषय मी हलक्यात घेऊच शकत नाही.

म्हणून आज करायचं ते एवढंच. फर्मेंटर उचलून घरात आणा, जिथे दिवस-रात्र २० ते २२ अंश राहील अशा जागी. झाकण न उघडता भांडं हळूच गोल फिरवा, तळाचं यीस्ट थोडं उठेल इतकंच. ढवळू नका, पळीही घालू नका. सुरुवातीला यीस्टला ऑक्सिजन लागतो, आता तो बिअरचा शत्रू आहे; त्याने चव ओल्या पुठ्ठ्यासारखी होते. नवीन यीस्ट नको, आणखी साखर तर मुळीच नको. मग तीन-चार दिवस हात लावू नका. त्यानंतर एक रीडिंग घ्या आणि दोन दिवसांनी दुसरं. दोन्ही आकडे सारखे आले आणि १.०१० च्या खाली असले, तर बाटल्या भरायला हरकत नाही. सारखे आले पण १.०१३-१.०१४ वरच असले, तर भरू नका, इथे लिहा. किटच्या कागदावरचे दिवस मी तरी फक्त अंदाज म्हणून वाचतो. मी स्वतः दोन आठवड्यांच्या आत बाटल्या भरत नाही. आकडा स्थिर झाल्यावरही यीस्टला काही दिवस द्यावेत, कारण लोण्यासारखी चव देणारं डायअसेटिल आणि हिरव्या सफरचंदासारखी चव देणारं अॅसिटाल्डिहाइड, ही दोन्ही ते स्वतःच परत शोषून घेतं.

रीडिंगबद्दल एक सूचना. नमुना नळीत घेतल्यावर थोडा हलवून त्यातला वायू जाऊ द्या, नाहीतर बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून तो वर उचलतात आणि आकडा खोटा येतो. बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांना जुळवलेले असतात. साध्या पाण्यात १.००० दाखवतो का ते एकदा बघून घ्या. नमुना परत भांड्यात ओतू नका, पिऊन बघा. कोमट आणि बिनफेसाची असली तरी बिअर कुठे चाललीय ते जिभेला कळतं.

पुढच्या वेळेसाठी मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते तापमान, आणि तेही पहिल्या तीन दिवसांचं. यीस्ट काम करताना स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे भांड्याच्या आत खोलीपेक्षा काही अंश जास्तच असतं. २८ अंशांच्या गॅरेजमध्ये आतलं यीस्ट तिशीच्या पुढे गेलेलं असतं, आणि तिथे ते जड अल्कोहोल बनवतं: घशाला जळजळ, थिनरसारखा वास. घरच्या बिअरमध्ये एक पातळ, सायडरसारखी चव येते तिचा दोष बरेच जण साखरेला देतात. माझ्या मते तो बहुतेक वेळा उष्णतेचा आणि अपुऱ्या यीस्टचा असतो. डब्याच्या झाकणाखालचं पाकीट बहुधा ७ ग्रॅमचं असतं. २३ लिटरसाठी ११ ग्रॅमचं चांगलं एल यीस्ट (लागरपेक्षा उबदार हवेत काम करणारं) वेगळं विकत घ्या. डब्यावर लागर लिहिलेलं असलं तरी आत बऱ्याचदा एल यीस्टच असतं, तेव्हा १८ ते २० अंशांवर लावा. वेगळा फ्रिज नसेल तर फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवून वर ओला टॉवेल गुंडाळा, माठाला ओलं फडकं बांधतो तसा, आणि सकाळ-संध्याकाळ पाण्यात बर्फाची एक बाटली सोडा. ऐन जानेवारीत, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, लावायचीच असेल तर नॉर्वेच्या शेतकरी घराण्यांत जपलेलं क्वाइक यीस्ट मागवा. ते पस्तिशीतही स्वच्छ चव देतं.

यीस्टवर मी इतकं लिहितोय कारण बिअर आपण बनवत नाही, ते बनवतं. १८८३ मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं, आणि कंपनीने ते इतर ब्रुअरींनाही खुलं केलं. त्याआधी मोठमोठ्या कारखान्यांचीही बिअर अधूनमधून बिघडत असे. आज किराणा सामानासोबत मिळणाऱ्या पाकिटात तशी खात्री येते ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

बाटल्या भरायच्या दिवशी स्वच्छतेत कसूर नको. आधी सोडियम परकार्बोनेटने धुणं, मग न खळखळवता वापरता येणारं सॅनिटायझर. धुणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं आहेत, मळावर सॅनिटायझर चालत नाही. पहिल्या खेपेला जाड पीईटी (प्लास्टिकच्या) बाटल्या घ्या असं मी आग्रहाने सांगेन: दाबून बघितलं की आत वायू किती झालाय ते कळतं, आणि काचेची भीती नाही. काचेच्याच हव्या असतील तर जाड, तपकिरी आणि पुन्हा भरण्यासाठी बनवलेल्या घ्या. पिळून उघडायच्या झाकणाच्या पातळ बाटल्या नकोत. पारदर्शक आणि हिरव्या काचेतून प्रकाश हॉप्सपर्यंत पोचतो आणि काही वेळातच बिअरला घाण वास लागतो. साखर प्रत्येक बाटलीत मोजून टाका, ७५० मिलीला ६ ग्रॅम पुरे, अंदाजाने चमचा नको. १.०३८ वरून १.००८ म्हणजे अल्कोहोल सुमारे ३.९ टक्के, बाटलीतल्या साखरेची त्यात साधारण अर्ध्या टक्क्याची भर पडते.

ऑस्ट्रेलियात स्वतःच्या वापरापुरती बिअर घरी करायला परवाना लागत नाही, पण ती विकता येत नाही, आणि दारू गाळायची असेल तर घरच्यापुरतीही परवान्याशिवाय चालत नाही. पुण्या-मुंबईहून हे वाचणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावं की महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, बिअरही त्यात येते.

भरलेल्या बाटल्या दोन आठवडे १८ अंशांच्या वर, अंधारात उभ्या ठेवा. मग एकच बाटली एक-दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून उघडा. फेस कमी वाटला तर बाकीच्या आणखी एक आठवडा तशाच राहू द्या. ओतताना बाटली एकदाच, न थांबता, हळू तिरपी करा आणि तळाचा बोटभर गाळ बाटलीतच सोडा.