३८ डॉलर लावले आणि पोरगा परत मायनरला गेला

प्रश्न: आमची १२ टीमची फँटसी बेसबॉल लीग आहे (खरे खेळाडू घेऊन कागदावर टीम करायची, त्यांच्या खऱ्या आकड्यांवर चुरस), रोटो, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या आकड्यात टीमच्या क्रमांकाप्रमाणे पॉइंट. सीझनभरासाठी प्रत्येकी १०० डॉलरचं बजेट (खोटे डॉलर, पण संपले की संपले) आणि दर रविवारी रात्री मोकळ्या खेळाडूंवरच्या बंद बोल्या उघडतात. एप्रिलमधे एका खऱ्या टीमने मायनर लीगमधून (मुख्य लीगच्या खालची) एक पोरगा वर बोलावला, जिकडेतिकडे त्याचंच नाव, मी ३८ लावले. मिळाला. दुसऱ्या नंबरची बोली ९ ची होती! तीन आठवड्यांत त्याला परत खाली पाठवलं. लीगमधे अजून हसतात मला. तेव्हापासून मी १-२ डॉलरच्या वर जात नाही आणि हाताला काही लागत नाही. आता जून आहे, ६१ पडून आहेत. किती लावायचे हे ठरवतात कसं?

उत्तर: दुधाने तोंड भाजलंय म्हणून ताक फुंकताय, ते कळतं, पण सप्टेंबर संपला की या ६१ ला काही किंमत नाही बघा. आणि आधी एक सांगतो, पोरगा खाली गेला ही तुमची चूक नाहीच. २०२४ मधे जॅक्सन हॉलिडेला ओरिओल्सने १० एप्रिलला खेळवलं, काय तो गाजावाजा, आणि ३४ अ‍ॅट-बॅटमधे (बॅटिंगच्या संधी) २ हिट, महिना संपायच्या आत परत खाली. पुढच्याच महिन्यात ११ मेला पायरेट्सचा पिचर पॉल स्कीन्स आला, तेवढाच गाजावाजा, त्याने १३३ इनिंग्ज टाकल्या, ईआरए (दर नऊ इनिंग्जमागे पिचरच्या नावावर लागलेले रन, कमी तेवढा चांगला) १.९६, वर रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवोदित). आधी कोणाला सांगता आलं असतं? चूक ९ आणि ३८ च्या मधल्या २९ डॉलरची आहे. बंद बोलीत आपण लिहू तेवढे जातात, दुसऱ्यापेक्षा फक्त एक जास्त असं नसतं, आणि जिंकतो तो बहुतेक वेळा त्या खेळाडूवर सगळ्यात जास्त भाळलेला माणूस.

म्हणून "हा किती भारी आहे" इथून सुरुवातच करू नका, "मला याचे पॉइंट किती मिळणार" इथून करा. समजा एखाद्या टीमचा क्लोजर (नववी, शेवटची इनिंग टाकून आघाडी राखणारा पिचर) जखमी झाला आणि सेटअपवाला (त्याच्या आधी टाकणारा) नववी इनिंग टाकायला लागला. तुम्ही सेव्हजमधे (अशी आघाडी राखून दिली की एक सेव्ह) १८ वर नववे, तुमच्या वरचे २१, २२ आणि २४ वर. या माणसाने महिनाभरात ७ सेव्ह दिले आणि ते तिघं तिथेच रेंगाळले तर तिघंही मागे, म्हणजे ३ पॉइंट. आणि होम रनमधे समजा तुमच्या पुढचा ३० ने पुढे आहे, मागचा ४० ने मागे, तर तिथे कितीही दणदणीत बॅटर आणा, पॉइंट शून्य! तोच बॅटर दुसऱ्या कोणाला २० डॉलरचा असेल, तुम्हाला २ चा. आता जुना क्लोजर किती दिवस बाहेर आहे ते बघा. पिचरला १५ दिवसांच्या इंज्युअर्ड लिस्टवर टाकलाय की ६० दिवसांच्या, यावरच अर्धी किंमत ठरते, १५ वाल्यासाठी मी ६-७ च्या वर जाणार नाही.

मग इतरांचे खिसे चाचपा. हे बहुतेक लोक करतच नाहीत, मला कळत नाही का, उरलेलं बजेट तर बहुतेक लीगमधे समोरच दिसतं. सेव्हजची गरज अजून कोणाला आहे, त्यांच्याकडे किती उरलेत? त्यातल्या सगळ्यात श्रीमंताकडे १४ असतील तर १५ लावले की माणूस तुमचा, सोळावा डॉलर वाया. एप्रिलमधे सगळ्यांकडेच शंभरच्या आसपास होते म्हणून तेव्हा हे जमलं नसतं, जूनमधे जमतं. आणि १०, १५, २० असे गोल आकडे सगळेच लावतात, तेव्हा ११ किंवा २१ लिहा. मी एकदा २० लावून २१ वाल्याकडे हरलोय, तो आठवडा काही बरा गेला नाही.

फक्त गेल्या आठवड्याचे आकडे बघून पैसे उडवू नका. २००६ मधे टायगर्सच्या ख्रिस शेल्टनने एप्रिलमधेच १० होम रन मारले, अख्ख्या सीझनचे झाले १६.

प्रश्न: आमची लीग फक्त नॅशनल लीगच्या खेळाडूंची आहे (मेजर लीगचे दोन भाग, दुसरा अमेरिकन लीग). जुलैअखेरच्या ट्रेड डेडलाइनला (टीममधली खेळाडूंची अदलाबदल त्यानंतर बंद) अमेरिकन लीगमधून कोणी मोठा येईल म्हणून पैसे राखून ठेवू का?

उत्तर: लीगमधे सगळ्यात जास्त पैसे तुमच्याकडे असतील तर ठेवा, दुसऱ्या नंबरला असाल तर दोन मोठे येतील अशी आशा करा, पाचव्या नंबरला असाल तर कशाला ताटकळताय, आत्ताच खर्च करा. आणि डेडलाइनच्या दिवसाचीच वाट बघत बसायची गरज नाही, २००८ मधे पिचर सीसी साबाथिया ७ जुलैलाच अमेरिकन लीगच्या इंडियन्सकडून नॅशनल लीगच्या ब्रूअर्सकडे आला होता आणि तिथे ११ जिंकल्या, २ हरला, ईआरए १.६५. असा माणूस आला तर मात्र सगळे लावा, एक डॉलरसुद्धा मागे ठेवू नका, फक्त तुमच्या लीगमधे शून्य डॉलरची बोली चालते का ते आधी विचारून घ्या, नाहीतर ऑगस्टमधे कॅचर जखमी झाला की जागा रिकामी ठेवून बसावं लागेल.