गाडी चालवताना पकडलं आणि ब्रेथ अ‍ॅनलायझरवर दारू दाखवली, तर बचावाला काही वाव उरतो का?

उरतो, पण "दोनच पेग घेतले होते" हा बचाव नव्हे, ती कबुलीच झाली! कायदा रक्तातलं अल्कोहोलचं प्रमाण बघतो. भारतात 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा. इंग्लंडमध्ये हीच मर्यादा 80 आहे.

वकिलाचा खरा जोर असतो चाचणीवर. नुकताच घोट घेतला असेल, ढेकर आली असेल किंवा अल्कोहोलवाल्या माउथवॉशने चूळ भरली असेल, तर तोंडात राहिलेल्या अंशामुळे आकडा फुगतो. म्हणून फुंकायला लावण्याआधी साधारण 15 मिनिटं थांबवलं होतं का, मशीनचं कॅलिब्रेशन (ते अचूक मोजतं का याची तपासणी) कधी झालं होतं, पावतीवरची वेळ पोलिसांच्या कागदांशी जुळते का, हे तपासतात. रक्त घेतलं असेल तर सुई टोचण्याआधी त्वचा अल्कोहोल असलेल्या स्पिरिटने पुसली होती का, नमुन्याचं सील शाबूत होतं का, हेही. शिवाय गाडी तुम्हीच चालवत होतात हे सिद्ध करणं सरकारी पक्षाचं काम.

चाचणीला नकार देऊन सुटू असं वाटत असेल तर विसरा, बऱ्याच देशांत तो स्वतंत्र गुन्हा आहे. आणि कुणी जखमी झालं असेल, तर उत्तरं वाचत बसू नका, आधी फौजदारी वकील गाठा.